एका दिवसाचा किनारा

पायी चालण्याचे आपल्याकडे कौतुक नाही, असे कोणी म्हणू नये. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्या आषाढी एकादशीला पंढरपुरी पोहोचतात त्या पायीच. आणि नर्मदेच्या परिक्रमेला तर परंपरेने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची मुदत सांगितली आहे. परंतु वारी काय किंवा परिक्रमा काय, घरदार आणि कामधंदा काही काळ बाजूला ठेवून ज्याला निघता येते, त्याची ती गोष्ट. ज्याच्या वाट्याला वर्षाकाठी मोजकी रजा येते आणि तिच्यातलीही निम्मी लग्नकार्यांत खर्ची पडते, अशा नोकरदार माणसाने लांबचा मार्ग चालावयाचा कसा?

याचे एक साधे उत्तर आहे. मार्ग तुकड्यातुकड्यांनी चालावा. एका दिवसात जेवढे चालवेल तेवढे चालावे, जेथे थांबलो ती जागा नीट ध्यानात ठेवावी, आणि पुन्हा सवड मिळेल तेव्हा नेमके तेथूनच पाऊल उचलावे. मध्ये एक रात्र गेली काय किंवा एक वर्ष गेले काय, वाटेत खंड पडला नाही म्हणजे झाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्राच्या कडेकडेने माइनहेडपासून पूल बंदराच्या मुखापर्यंत सुमारे एक हजार चौदा किलोमीटरांची पायवाट आहे. चोरट्या मालाच्या होड्यांवर नजर ठेवण्यासाठी किनाऱ्यावरील पहारेकरी ज्या वाटांनी फिरत, त्यांतून ती घडत गेली. ती सलग चालणारे लोक आहेत. पण सुटीसुटीला चार-चार दिवस चालून काही वर्षांनी ती पुरी करणारेही पुष्कळ आहेत. वेल्स देशाने तर आपल्या संपूर्ण किनाऱ्यालगत सुमारे चौदाशे किलोमीटरांची वाट आखून २०१२ साली लोकांसाठी खुली केली.

आपल्या कोकणात अशी आखलेली वाट नाही. खुणेचे दगड नाहीत, बाण नाहीत, मुक्कामांची छापील यादी नाही. तरीही रेवसपासून रेडीपर्यंतचा किनारा पायी चालता येतो, आणि माझ्यासारखा, गेली काही वर्षे दिल्लीत नेमणुकीवर असलेला मनुष्यही तो वर्षाकाठी चार-पाच दिवस काढून चालू शकतो. सहा हिवाळ्यांत मी देवगडपर्यंत येऊन पोहोचलो आहे. या चालण्यात मला जे कळले, आणि जे कळण्यासाठी एकदा मोठी किंमत मोजण्याची पाळी आली होती, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न अंतराचा. किनारा किती लांब आहे? प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे एक उत्तर नाही. भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर असल्याचे आपण शाळेत पाठ केले. हे माप १९७०च्या दशकातले. अलीकडे, अधिक मोठ्या प्रमाणाचे नकाशे घेऊन तीच मोजणी पुन्हा करण्यात आली, तेव्हा लांबी ११,०९८ किलोमीटर भरली. देशाची भूमी वाढलेली नाही. मोजपट्टी तेवढी बारीक झाली. पूर्वीच्या नकाशावर जी खाडी एका सरळ रेघेने ओलांडली जाई, तिच्या आतबाहेरची वळणे आता मोजली गेली. मोजपट्टी आणखी बारीक केली, तर लांबी आणखी वाढेल. चालणाऱ्याची मोजपट्टी म्हणजे त्याचे पाऊल, आणि ते तर नकाशापेक्षा फारच लहान. म्हणूनच नकाशावर दोन गावांमध्ये सहा किलोमीटर दिसले, की पायांना दहा-अकरा पडतात. पहिल्या वर्षी मी दिवसाला पंचवीस किलोमीटरांचा बेत आखून निघालो होतो. पहिल्याच संध्याकाळी तो मोडला. कोकणच्या किनाऱ्याला दिवसाचे बारा ते पंधरा किलोमीटर हे मध्यम वयाच्या माणसाचे पुरेसे चालणे आहे, असे आता माझे मत झाले आहे.

परंतु खरी अडचण अंतराची नाही. किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. सकाळी जेथून गाडीवाट असावी तसे चालत जाता येते, तेथे दुपारी पुरुषभर पाणी असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात लोक ओहोटीला चालत जातात, आणि परतायला उशीर झाला तर होडीची वाट पाहतात. हरिहरेश्वरी देवळामागून डोंगर चढून, पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालतात, तीही ओहोटीलाच पुरी होते. भरतीच्या वेळी त्या खडकांवर उतरणे जिवावर बेतते. म्हणजे त्या ठिकाणी भाविकानेही समुद्राची सवड पाहावी, असाच शिरस्ता आहे.

समुद्राची सवड कशी पाहावी, याचे शास्त्र कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला पाठ असते. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. सूर्याचीही ओढ असते, पण ती निम्म्याहून कमी. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे तो रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात. आता आपली तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यामधील अंतराचेच माप. तेव्हा ज्याला तिथी ठाऊक आहे त्याला भरतीची वेळ ठाऊक आहे. त्यासाठी मासेमारांचा हिशेब असा: तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी, पहाटेही आणि दिवसाही. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजावयाचे. ठिकाणागणिक यात थोडा फरक पडतो. दक्षिणेकडे, मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला, भरती काहीशी लवकर येते. पण कागद, पेन्सिल किंवा यंत्र न वापरता, केवळ पाऊणकीच्या पाढ्यावर चालणारे इतके विश्वासू गणित मी दुसरे पाहिले नाही.

भरती किती चढेल, हेही तिथीच सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती परस्परांना छेद देते आणि भांगाची भरती येते, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईला मोठ्या उधाणात पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरांनी वरखाली होते; दक्षिण कोकणात हा फरक सुमारे निम्मा होतो.

चालणाऱ्याने या सर्वांचा उपयोग असा करावा. तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिवस निवडावे. त्या दिवसांत ओहोटी सकाळी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण होते. म्हणून उजाडताच निघाले, तर पाणी मागे हटत असते आणि त्याने नुकतीच सोडलेली ओली वाळू पायाखाली फरशीसारखी घट्ट लागते. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू पाय गिळते. तिच्यातून तासाला दोन किलोमीटर जाणेही कष्टाचे. दुपारी ऊन तापते आणि पाणी वर येऊ लागते, तेव्हा माणसाने गावात शिरावे, पोफळीच्या वाडीत सावलीला बसावे, आणि उरलेले अंतर संध्याकाळी आतल्या पाखाडीने किंवा सड्यावरच्या वाटेने पुरे करावे.

हे शहाणपण मी आज सांगतो आहे. त्या दिवशी माझ्याजवळ ते नव्हते. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. गुहागर तालुक्यातला किनारा. बरोबर चौदा वर्षांचा मुलगा होता. कार्यालयात फिरतीचा कार्यक्रम तयार करावा तसा मी दिवसाचा तक्ता केला होता: अमुक वाजता निघणे, अमुक वाजता भोजन, साडेपाचला मुक्कामी. जेवणाला उशीर झाला, त्यानंतर थोडी झोप लागली, आणि साडेचार वाजता आम्ही दोन पुळणींच्या मध्ये समुद्रात शिरलेल्या एका कातळाच्या नाकाशी आलो. वरून जाणारी वाट होती, पण तिला तासाभराचा वळसा होता. खालचे खडक अजून उघडे दिसत होते. तक्त्यात वळशाला जागा नव्हती. आम्ही खडकांवरून निघालो.

अर्ध्यावर आल्यावर पुढे वाट बुडालेली दिसली. मागे वळून पाहिले तर ज्या सखल जागेवरून आलो तेथेही लाट आत शिरून फेस सोडून जात होती. लाट मोठी नव्हती, वारा नव्हता, काही भयंकर घडत आहे असे पाहणाऱ्याला वाटलेही नसते. पाणी शांतपणे, आपल्या वेळेवर, वर येत होते. मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि मी घड्याळाकडे पाहत होतो, हे मला आजही आठवते. शेवटी कातळावर चढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कालवांच्या शिंपांनी त्याचे तळहात कापले, माझा गुडघा फुटला, एक पिशवी खाली गेली. करवंदीच्या जाळ्यांतून आम्ही सड्यावर आलो तेव्हा सूर्य मावळत होता, आणि ज्या खडकांवर आम्ही उभे होतो ते दिसत नव्हते.

ज्यांच्या घरी रात्री उतरलो होतो, त्या घरचे वृद्ध गृहस्थ तारुण्यात मचव्यावर तांडेल होते. मुलाच्या हाताला त्यांनी स्वतः हळद लावली. मग मला विचारले, “साहेब, आज तिथी कोणती?” मला सांगता येईना. तारीख, वार, रजेचे उरलेले दिवस, सारे ठाऊक होते. ते म्हणाले, “आज दशमी. भरती दिवेलागणीनंतर पुरी होते. साडेचारला त्या नाकावरून आमचं कोणी जात नाही हो.” त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. रेल्वेगाडी किती वाजता सुटते हे परगावच्या पाहुण्याला सांगावे, तितक्या साधेपणाने ते बोलले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या आजीच्या घरात भिंतीवर पंचांग असे आणि ती रोज सकाळी ते वाचून घेई. आम्ही ते मुंज-लग्नापुरते ठेवले. त्यात समुद्राचे वेळापत्रक होते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर आणि मुलाचा जीव धोक्यात घातल्यावर समजले.

त्यानंतर मी दिवसाचे तुकडे निराळ्या रीतीने पाडू लागलो. त्या रीतीत खाडीला पहिला मान आहे. कोकणचा किनारा सलग नाहीच. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी तो ठिकठिकाणी तोडला आहे. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, आंजर्ल्याला जोग नदी, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गाला वाघोटन. काहींवर पूल आहेत. काही ठिकाणी मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. लहान खाड्यांवर कोठे कोठे अद्याप होडीची तर चालते. दाभोळच्या समोर धोपावे दिसते, बोटीने ते काही मिनिटांवर आहे. पण बोट नसेल तर जमिनीवरून चिपळूणकडे वळसा घालून यावे लागते. म्हणून नियम असा की, दिवसाचा शेवट खाडी ओलांडून पलीकडच्या काठावर करावा. खाडी उद्यावर टाकू नये. सकाळी ओहोटी असली तर लहान होडी धक्क्याला लागत नाही, मध्ये गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळातून चालण्याचे धाडस करू नये. इंग्लंडच्या त्या वाटेवरही अर्म नावाची एक नदी आहे. तिच्यावर तर नाही आणि पूल दूर आहे. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढ्याच अवधीत ती पायी उतरता येते. चालणारे आपला सारा दिवस त्या दोन तासांभोवती बेततात. देश दुसरा, समुद्र दुसरा, पण शिस्त तीच.

बाकीचे नियम किरकोळ आहेत. संध्याकाळी थांबलेल्या जागी मुक्कामाची सोय नसेल, तर एस.टी.ने जवळच्या मोठ्या गावी जावे आणि सकाळच्या पहिल्या गाडीने त्याच थांब्यावर परत यावे. पायात बूट असावेत, कारण खडकांवरची कालवे पात्यासारखी कापतात. पाणी आपले आपण न्यावे. हंगाम मार्गशीर्ष ते माघ. पावसाळ्यात किनाऱ्याचा नाद करू नये; जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीही बंद असते. कोठे बंदराचे किंवा कारखान्याचे कुंपण आडवे आले, तर वाद न घालता आतून वळसा घ्यावा. आणि खारफुटीत शिरू नये. ती वाट नाही, ते माशांचे पाळणाघर आहे.

या रीतीने चालू लागल्यावर मला किनारा निराळा दिसू लागला. ओहोटीच्या वेळी तो रिकामा कधीच नसतो. बायका कोयती घेऊन खडकावरची कालवे फोडत असतात, तिसऱ्या वेचत असतात. हर्णेला पुळणीवर मासळीचा लिलाव चाललेला असतो. वेळासला हिवाळ्यात कासवांनी घातलेली अंडी राखणारी माणसे पहाटे पाऊलखुणा शोधत हिंडतात. शासनाच्या दप्तरात किनारा ही एक रेषा आहे. १९९१च्या अधिसूचनेपासून उच्चतम भरतीच्या रेषेपासून किती मीटरांवर काय बांधावे, याचे नियम आपण केले. तशा नस्ती माझ्याही टेबलावरून गेल्या आहेत. ते नियम आवश्यक आहेत. पण भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामध्ये जो पट्टा आहे, तो सहा तास समुद्राचा आणि सहा तास त्या कोयतीवाल्या बायकांचा असतो, हे मला नस्तीत कधी दिसले नाही. ते पायी चालल्यावर दिसले.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना गेल्या शतकापासूनची. तिच्यातील मोठ्या खाड्यांवरील पुलांची कामे आता हाती घेण्यात आली आहेत. पूल झाले पाहिजेत. आजारी माणसाला रात्री फेरीबोटीची वाट पाहत काठावर बसवून ठेवण्यात कसलेही सौंदर्य नाही. मात्र पूल झाला की तर बंद पडते, तर बंद पडली की तिथी विचारणारा मनुष्य उरत नाही, आणि मग किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलांनाही माझ्या मुलाइतकेच समुद्राचे ज्ञान उरेल. भरतीच्या वेळा आज खिशातल्या दूरध्वनीवर मिळतात, हे खरे. परंतु तेथे त्या पाहिल्या पाहिजेत एवढे तरी मनात यावे लागते. माझ्या खिशात त्या दिवशीही तो होता.

दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या आपणांपैकी अनेकांचे मूळ गाव या किनाऱ्यावर कोठेतरी असेल. तेथे जाल तेव्हा एक दिवस वेगळा काढावा. फार नको. आपल्या गावच्या पुळणीपासून पुढच्या खाडीपर्यंत, आणि जमल्यास खाडीपलीकडे. निघण्यापूर्वी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला तिथी विचारावी. तो हसेल, पण सांगेल.

माझा देवगड ते रेडी हा भाग राहिला आहे. कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडे असे आठ-नऊ दिवसांचे काम असावे. मुलगा आता माझ्यापेक्षा चांगला चालतो आणि बेत तोच आखतो. या हिवाळ्याच्या रजेचा अर्ज मी लिहिला, तेव्हा सवयीने तारखेशेजारी तिथीही लिहून गेलो होतो. ती खोडली, आणि मग अर्ज वर पाठविला.